फोटोग्राफीचा कोर्स अर्धवट राहिलाय? घर सांभाळून तो पुरा करायचा तर

"सहा महिन्यांचा कोर्स होता, दीड वर्ष झालं. चार असाइनमेंट राहिल्यात. आता सरांना फोन करायचीसुद्धा लाज वाटते." सातारा, कऱ्हाड, विटा, सांगली, मिरज या पट्ट्यातून येणाऱ्या पत्रांत हा मजकूर थोड्याफार फरकानं सारखा भेटतो. लिहिणाऱ्यांत आया आहेत तसे बाबाही आहेत. कुणी शिक्षिका, कुणी बँकेत, कुणाची द्राक्षबाग, कुणाचं दुकान. कॅमेरा हौसेनं घेतलेला, फी भरलेली, सुरुवातीचे तास मन लावून केलेले. मग मुलाची परीक्षा, सासऱ्यांचं ऑपरेशन, दिवाळी, लग्नसराई, आणि कॅमेऱ्याची बॅग कपाटाच्या वरच्या फळीवर.

प्रश्न प्रत्येकाचा तोच: आता हे पुरं होईल, की सोडून द्यावं? बहुतेकांचं पुरं होईल. त्यासाठी जास्तीचा वेळ काढावा लागेल, असं सगळे धरून चालतात. मला ते तितकंसं पटत नाही. ज्यांचे कोर्स अडलेत त्यांच्याकडे फोटोंचा तुटवडा क्वचितच असतो. कासची सहल, गणपती, भाच्याचं लग्न, असे शेकडो फोटो कार्डात पडून असतात. खोळंबा होतो तो त्यातले चार निवडून पाठवण्यात. पुढचं बरंचसं लिखाण याच मुद्द्याभोवती आहे.

आधी बघा, अडलंय कुठं

एक कागद घ्या आणि काय बाकी आहे ते लिहून काढा. "बरंच राहिलंय" असं नुसतं मनात घोळत राहिलं की हातून काहीच होत नाही. यादी केली की बाकी साधारण चार प्रकारची निघते:

- बुडालेले तास
- काढायचेच राहिलेले फोटो
- काढलेले, पण न पाठवलेले फोटो
- शेवटचा प्रोजेक्ट किंवा परीक्षा

बुडालेल्या तासांची फार धास्ती घेऊ नका. पुढच्या बॅचमध्ये तेवढ्या विषयाला बसू द्याल का, असं विचारलं तर बहुतेक क्लासवाले हो म्हणतात. ऑनलाइन कोर्स असेल तर रेकॉर्डिंग असतंच. मात्र एक चूक हमखास होते. मोठ्या खंडानंतर लोक "पहिल्यापासून नीट करू" म्हणून पुन्हा पहिल्या धड्यावर जातात. अपर्चर, शटर स्पीड, आयएसओ पुन्हा वाचण्यात महिना जातो आणि जिथं अडलं होतं तिथं पोचेपर्यंत शाळेची सहामाही येते. जिथं थांबलात तिथूनच सुरू करा. विसरलेलं असाइनमेंट करताना आठवतं, नाहीच आठवलं तर तेवढंच पान उघडा.

तिसऱ्या प्रकारातलं, म्हणजे काढलेलं पण न पाठवलेलं, या आठवड्यातच पाठवा. चार असाइनमेंटपैकी दोन अशा सुटल्या की उरलेल्या दोन डोंगराएवढ्या वाटत नाहीत.

संस्थेशी बोला, पण लेखी घ्या

फोन करायला लाजू नका. अर्धवट राहिलेले विद्यार्थी क्लासला नवीन नाहीत. फोनवर काय ठरलं ते त्याच दिवशी मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, म्हणजे पुढं "असं कुणी सांगितलं?" हा प्रश्न उरत नाही. मजकूर असा चालेल:

"नमस्कार सर, मी आपल्या अमुक महिन्याच्या बॅचचा विद्यार्थी. घरच्या अडचणीमुळे चार असाइनमेंट आणि अंतिम प्रोजेक्ट बाकी आहे. आजच्या बोलण्याप्रमाणे ते सादर करण्याची शेवटची तारीख, मुदतवाढीचं शुल्क असल्यास ते, आणि प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या अटी कृपया लेखी कळवाव्यात."

एवढंच. मुलाच्या तापाची, सासूबाईंच्या गुडघ्याची हकिगत त्यात नको. मुदतवाढ मागताना तारीख तुम्हीच सुचवा, आणि ती घरच्या दिनदर्शिकेकडे बघून सुचवा. दहावीचा पेपर मार्चमध्ये असेल तर "मार्चअखेर देतो" असं कबूल करू नका.

अजून प्रवेश घ्यायचा असेल तर

ज्यांनी फी भरलेली नाही, त्यांच्या हातात अजून सगळं आहे. पर्याय मुख्यतः चार.

आरसेटी. ग्रामीण भागातल्या लोकांना स्वयंरोजगाराचं प्रशिक्षण देणारी ही संस्था जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत चालते. साताऱ्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र, सांगलीची बँक ऑफ इंडिया. आरसेटीच्या यादीत फोटोग्राफी-व्हिडिओग्राफीचा ३० दिवसांचा अभ्यासक्रम आहे. फी नाही, राहण्या-जेवणाची सोय असते आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा केला जातो. धंदाच करायचा असेल तर यासारखं दुसरं नाही. पण हे शिक्षण दिवसभराचं असतं. लहान मूल घरी असेल तर सलग महिनाभर कोण सांभाळणार, हे ठरवूनच नाव द्या. वयाची अट आणि पुढची बॅच कधी, हे बँकेच्या शाखेत किंवा थेट आरसेटीत विचारा.

मुक्त विद्यापीठ. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे. जवळच्या अभ्यासकेंद्रात दोन प्रश्न विचारा: फोटोग्राफीचा अभ्यासक्रम यंदा चालू आहे का, आणि नोंदणी किती वर्षं वैध राहते? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरच्या माणसासाठी जास्त महत्त्वाचं.

खासगी शनिवार-रविवारचा क्लास. आमच्याकडे सर्वांत जास्त चालतो तो हाच. शिकवणारा स्वतः लग्नाचं काम करणारा असेल तर लग्नसराईत तासच होत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. पुण्याला किंवा कोल्हापूरला जाऊन शिकणाऱ्या बायकांसाठी एक सोय आहे: १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत महिलांना निम्मं तिकीट आहे. महिन्याचा हिशेब मांडताना ते धरा.

ऑनलाइन. वेळ आपला, हा फायदा. कुणी विचारत नाही, हा तोटा. फोटो तपासून मत देणारा माणूस पलीकडे असेल तरच पैसे द्या. नुसते व्हिडिओ बघायचे तर ते फुकटातही पुष्कळ आहेत.

कुठेही नाव घालण्यापूर्वी एवढं विचारून घ्या: एकूण असाइनमेंट किती, शेवटची तारीख ओलांडली तर काय, बॅच बदलता येते का, फीमध्ये १८ टक्के जीएसटी धरलाय की वेगळा, अर्ध्यात सोडल्यास किती पैसे परत मिळतात. प्रमाणपत्राला कुणाची मान्यता आहे असं सांगितलं, तर मान्यता क्रमांक मागा. क्रमांक सांगताना जो चाचरतो त्याची मान्यता भिंतीवरच्या फ्रेमपुरती असते.

घरचं वर्ष समोर ठेवा

आपल्याकडं जूनमध्ये शाळा, श्रावण-भाद्रपदात सण, मग दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, डिसेंबर-जानेवारीत शाळेची गॅदरिंग, फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. शेती असेल तर त्यात ऑक्टोबरची द्राक्षछाटणी, थंडीतला ऊसतोडीचा हंगाम, मग बेदाण्याचं काम. यात "मोकळा महिना" शोधत बसलात तर सापडणार नाही. दोन सण किंवा दोन कामं यांच्यामधल्या दोन-तीन आठवड्यांच्या फटी मात्र सापडतात. प्रत्येक फटीत एक असाइनमेंट बसवा, दोन नाही. परीक्षेच्या आणि छाटणीच्या आठवड्यांवर सरळ काट मारा. तिथं कोर्स बंद, आणि त्याबद्दल मनाला खात बसायचं नाही.

घरच्यांकडून काय हवं ते मोजून मागा. "मला थोडा वेळ द्या" याला घरात सगळे हो म्हणतात आणि मिळत काहीच नाही. "रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ मी घाटावर असेन, दूध तापवणं आणि पोरांना उठवणं तुमच्याकडे" असं म्हटलं की ते होतं. एकत्र कुटुंबात हे सगळ्यांसमोर सांगितलेलं बरं. एकट्या नवऱ्याला किंवा बायकोला सांगितलं तर सकाळी चहाच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

असाइनमेंट घराजवळ आणा

कोर्सच्या कागदावर "वाहत्या पाण्याचा फोटो" असं असतं आणि आपण ठोसेघरचा धबधबा डोळ्यासमोर आणतो. मग गाडी, सोबत, पाऊस, सुट्टी असं सगळं जुळायची वाट बघतो. तपासणाऱ्याला मात्र एवढंच बघायचं असतं की मंद शटरवर पाणी रेशमासारखं येतं हे तुम्हाला जमतं का. ते स्वयंपाकघराच्या नळाखालीही जमतं. खिडकीचा उजेड, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा दोन डब्यांवर घट्ट बसवलेला, शटर पाव सेकंद, आणि नळ बारीक सोडलेला. मोबाइलमध्ये प्रो मोड असेल तर त्यावरही करून बघा.

असे बदल बहुतेक असाइनमेंटना करता येतात, फक्त सरांना आधी विचारा:

- गती गोठवणं: अंगणात दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी. शटर १/५०० किंवा त्याहून जलद. भर उन्हात हे सोपं, संध्याकाळी आयएसओ वाढवावा लागतो.
- गतीसोबत कॅमेरा फिरवणं: सायकलवरून गल्लीत फेऱ्या मारणारा मुलगा, शटर १/३० च्या आसपास. पहिले वीस वाया जातील. पोराला मात्र कंटाळा येत नाही.
- क्षेत्र-खोली: मसाल्याच्या डब्यांची रांग. तोच फोटो अपर्चर उघडून आणि बंद करून.
- मागून येणारा उजेड: खिडकीपुढं तव्यावरून उतरलेली भाकरी. वाफ दिसायला तिच्यामागं गडद काहीतरी हवं, म्हणून खिडकी समोर न ठेवता जरा बाजूला घ्या.
- कमी उजेड: देवघरातली समई. फ्लॅश बंद.
- व्यक्तिचित्र: आजी, दुपारी, पडवीत. तांदूळ निवडत असतील तर आणखी चांगलं, कारण मग त्या कॅमेऱ्याकडं बघून ताठ होत नाहीत.

घरच्या माणसांचे फोटो म्हणजे दुय्यम काम, असं वाटत असेल तर इंग्लंडच्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची गोष्ट ऐका. मूळच्या कलकत्त्याच्या. १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, लेक-जावयानं त्यांना कॅमेरा भेट दिला. त्यांनी कोळशाच्या कोठीची डार्करूम केली, कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ, आणि घरातल्या मोलकरणी, नातेवाईक, शेजारपाजारची मुलं यांना समोर बसवलं. ती चित्रं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

अंतिम प्रोजेक्ट मात्र घराबाहेरचा असावा, असं माझं मत. आणि त्यासाठी आपल्या दोन जिल्ह्यांइतका मुबलक विषय क्वचित कुठं असेल. सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे सौदे. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तासगावकडची बेदाण्याची शेडं. वाईचा घाट आणि पलीकडं मेणवली. आषाढात लोणंद-फलटणमार्गे जाणारी माउलींची पालखी. कुंडलचं कुस्ती मैदान. मिरजेतली सतारमेकरांची दुकानं, जिथं पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे होतात. या वाद्यांना २०२४ मध्ये मानांकन मिळालं.

यातला मिरजेचा विषय घरच्या माणसाला फार सोयीचा. जागा एक, छपराखाली, गर्दी नाही, पाऊस असो की ऊन. कारागीर दिवसभर तिथंच असतात, त्यामुळं मुलांना शाळेत सोडून दहा वाजता गेलात तर शाळा सुटायच्या आत परत येता. पहिल्यांदा कॅमेरा न काढता जा, परवानगी विचारा, बसून घ्या. दुसऱ्या खेपेला काढा: दारातून दिसणारं अख्खं दुकान, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेल्या वाळक्या भोपळ्यांचा ढीग, भोपळ्यावर वेलबुट्टी कोरणारा हात, जवारी लावताना तारेवर कान देऊन बसलेल्या माणसाचा चेहरा, आणि तयार तंबोरा. लांबून, मधून, जवळून, हात, चेहरा. या पाचांत गोष्ट उभी राहते. काम झालं की दोन प्रिंट नेऊन द्या. ते राहून जातं आणि पुढच्या विद्यार्थ्याला मग दार बंद होतं.

बाहेर जाताना

कासला जायचंच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. साताऱ्याहून हे पठार साधारण २५ किलोमीटर. सांगलीकरांचा मात्र जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. हंगामात प्रवेश मर्यादित असतो, म्हणून आधी ऑनलाइन नोंदणी करा. पश्चिम घाटाच्या २०१२ मधल्या जागतिक वारसा नोंदीत कास आहे, तेव्हा जवळून फोटोसाठी फुलांत आडवं पडायचं नाही. पायवाटेवरून जेवढं मिळेल तेवढं. धरणांच्या परिसरात, कोयनेला विशेषतः, कॅमेरा काढण्याआधी पाटी वाचा आणि पहारेकऱ्याला विचारा. बावधनच्या बगाडासारख्या यात्रेला लहान पोर कडेवर घेऊन फोटो काढायला जाऊ नका. तिथं एक तर मूल सांभाळता येतं किंवा कॅमेरा.

चार पाठवायचे आहेत, चारशे नाहीत

आता मूळ दुखणं. एका सकाळी चारशे फोटो काढायचे, घरी आल्यावर ते लॅपटॉपवर टाकायचे, आणि मुलांचा अभ्यास संपल्यावर बघू म्हणायचं. ते कधीच बघितले जात नाहीत. उपाय काढण्याच्याच वेळी आहे: घरातून निघताना आकडा ठरवा. एका असाइनमेंटला साठाच्या वर नाही. जुन्या ३६ फोटोंच्या रोळावर शिकलेली पिढी अजून लाइटचा अंदाज डोळ्यांनी सांगते, ते उगाच नाही.

मग हा क्रम:

१. त्याच दिवशी, परतीच्या एसटीत किंवा मुलांच्या ट्यूशनबाहेर वाट बघताना, कॅमेऱ्याच्या पडद्यावरच उघड वाईट फोटो उडवा. हललेले, डोळे मिटलेले.

२. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांतून बारा निवडा. या वेळी "हा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे का" एवढंच बघा.

३. बारांचे छोटे प्रिंट काढा किंवा मोबाइलवर टाका, आणि घरातल्या एखाद्या माणसाला विचारा: यात काय दिसतंय? "छान आहे" हे उत्तर धरू नका. काय दिसतंय ते सांगता आलं नाही तर तो फोटो बाजूला.

४. चार ठेवा. एडिटिंगला एका फोटोमागं दहा मिनिटं. स्नॅपसीड, डार्कटेबल, गिम्प हे फुकट आहेत. विकतच्या सॉफ्टवेअरवाचून कोर्स अडत नाही.

५. पाठवा.

पाचव्या पायरीला लोक सर्वांत जास्त बिचकतात. "अजून जरा चांगला काढून पाठवीन" म्हणतात. सर तपासतात ते चुका सांगायला. निर्दोष फोटो आला तर त्यांना शिकवायला काय उरलं?

फोटो दोन ठिकाणी ठेवा

एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि जमल्यास निवडलेले फोटो क्लाउडवर. मुलांच्या हाती पडणाऱ्या लॅपटॉपवर एकच प्रत ठेवणं धोक्याचं. २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना हे सांगायला नको: हार्ड डिस्क खालच्या कपाटात नको, आणि कोर्सची फाइल घराबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाकडंही असू द्या. कार्ड दोन्ही प्रती झाल्याशिवाय पुसू नका.

पैसे अडकले, वाद झाला तर

इथं वाचकांचा सर्वांत मोठा गोंधळ असतो. क्लासनं "फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही" असं पावतीवर छापलं की सगळं संपलं, असं नाही.

खासगी क्लास पैसे घेऊन सेवा देतो, म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याला लागू पडतो. विद्यापीठांच्या बाबतीत न्यायालयांनी वेगळी भूमिका घेतली आहे, पण कोचिंग देणाऱ्या संस्था ग्राहक कायद्यात येतात असं राष्ट्रीय आयोगानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. जाहिरातीत सांगितलेले तास झाले नाहीत, शिकवणारा बदलला, प्रमाणपत्र रोखलं, तर तक्रार करता येते. पावती न देणं हीसुद्धा कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. मात्र तास झाले, तुम्ही गेला नाहीत, तर पूर्ण फी परत मिळेल अशी आशा धरू नका. तिथं मुदतवाढ किंवा बॅच बदल मागणं शहाणपणाचं.

पायऱ्या अशा:

- आधी संस्थेला लेखी तक्रार, उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत देऊन.
- मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. पुष्कळ प्रकरणं इथंच मिटतात.
- मग जिल्हा ग्राहक आयोग. साताऱ्यात आणि सांगलीत दोन्हीकडे आहे. क्लास पुण्याचा किंवा ऑनलाइन असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करा.

विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात प्रवेश घेतला असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची अधिसूचना बघा. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी नाव काढलं तर पूर्ण फी परत. पुढं टप्प्याटप्प्यानं ९०, ८०, ५० टक्के. शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काही नाही. मूळ गुणपत्रकं आणि दाखले अडकवून ठेवायचा अधिकार महाविद्यालयाला नाही.

आणि एक सापळा. "फी हप्त्यात, व्याज शून्य" असं सांगून काही ठिकाणी फॉर्मवर सही घेतली जाते, ती खरं तर कर्जावरची असते. क्लासला पैसे फायनान्स कंपनी देते आणि तुम्ही तिचे कर्जदार होता. कोर्स सोडला तरी हप्ता सुटत नाही, आणि थकला तर सिबिल बिघडतं. म्हणून सहीआधी विचारा: हप्ता क्लासला की कंपनीला? कंपनीला असेल तर कर्जाच्या सगळ्या अटी एका ठिकाणी देणारं की फॅक्ट स्टेटमेंट मागा. ते देणं तिला बंधनकारक आहे. कंपनी दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, त्याचा संपर्क क्रमांक १४४४८.

फोटो कुणाचा?

कोर्ससाठी तुम्ही काढलेला फोटो तुमचा. त्यासाठी कुठंही नोंदणी करावी लागत नाही. तरी प्रवेशअर्ज नीट वाचा. "विद्यार्थ्यांची छायाचित्रं संस्था प्रसिद्धीसाठी वापरू शकेल" अशी ओळ त्यात असते. मान्य नसेल तर ती खोडून सही करा, किमान नाव छापण्याची अट घाला.

शिकता शिकता कुणाच्या बारशाचे, साखरपुड्याचे पैसे घेऊन फोटो काढू लागलात तर नियम उलटतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं, दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे तुमच्या प्रोजेक्टमध्ये तो फोटो वापरायला त्याची परवानगी हवी. एका ओळीचा मेसेज पुरतो, पण तो आधी घ्या.

मुलांचे फोटो, स्वतःच्या असोत की शेजाऱ्यांच्या, जपून. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय कोर्सच्या ग्रुपवरसुद्धा टाकू नका. स्वतःच्या मुलांचे आंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो कुठंच नकोत; शाळेचा गणवेश आणि बिल्ला दिसणारेही नकोत. आठ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलाला विचारून टाका. "नको" म्हणालं तर नको.

प्रमाणपत्र हाती घेताना

शेवटची असाइनमेंट मान्य झाल्याचा मेल आला की प्रमाणपत्र कधी मिळणार ते लगेच विचारा. ते आपोआप घरी येईल अशी वाट बघू नका. नाव आधार कार्डावर आहे तसंच हवं. लग्नानंतर प्रवेश घेतलेल्या बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव दहावीच्या दाखल्यावर, सासरचं आधारवर आणि तिसरंच काही क्लासच्या फॉर्मवर, असं होतं. पुढं मुद्रा कर्जाला किंवा उद्यम नोंदणीला गेल्यावर बँकेत अडतं. कोर्सचं नाव, कालावधी, तारीख आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक तपासा. चूक असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त करून घ्या. वर्षभरानं गेलात तर क्लासची जागा बदललेली असते, आणि कधी कधी सरांनी मोबाइलचं दुकान टाकलेलं असतं.